साक्षीदाराचा फ्लेक्स

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं निदान समुद्र तरी ओलांडलेला असावा. मी अमरावतीहून परतवाड्याला गेलो, तिथून अकोल्याला, आणि अकोल्याहून पातूरच्या पुढच्या एका गावाला. एवढा प्रवास आमच्याकडची माणसं लग्नासाठी, दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी करतच असतात. परत आल्यावर त्याबद्दल कुणी त्यांना विचारतही नाही.

पण त्या आठवड्यात मी जे ऐकलं ते आफ्रिकेतल्या एका देशात घडलं होतं आणि त्याचा खटला युरोपातल्या एका देशात चालू होता. हे दोन्ही देश मी पाहिलेले नाहीत. तरी त्याबद्दल बोलताना मला रोज ‘मी’ म्हणावं लागलं. त्याचं कारण पुढं येईल. माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि गावाचं, देशांचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या हवालदारांना हे पटलेलं नाही. फोनवर म्हणाले, “नाव लिही ना बाप्पा. मी काय चोर हाय का?” त्यांची माफी मागून मी ते टाळतो आहे.

अमरावती

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. त्यामुळं कॉलेजात कुणी काही करायला सांगितलं की आधी ‘मला जमेल का’ असं मनात येतं आणि तोवर दुसरा कुणी हात वर करतो. या वेळी दुसरा कुणी नव्हता. सरांनी बोलावून सांगितलं, परदेशातून एक तपास अधिकारी येणार आहे, अकोला जिल्ह्यातल्या सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या एका जवानाचा जबाब घ्यायला. त्यांना दुभाषी हवा आहे. पुण्याहून एक दुभाषी ठरवले होते, पण जवानानं त्यांच्याशी फोनवर बोलून झाल्यावर कळवलं, “साहेब चांगले हायेत, पन त्यायच्या समोर मले मोकळं बोलता येत नाही.”

“तू वऱ्हाडी बोलतोस,” सर म्हणाले, “आणि इंग्रजीचा पेपर तुझा बरा असतो.”

बरा असतो म्हणजे पास होतो. पण मी हो म्हटलं.

अधिकारी बाईंचं नाव इथं मारेन ठेवतो. पन्नाशीच्या, उंच, पायात चालायचे जाड बूट, आणि सतत गरम पाणी पिणाऱ्या. सकाळी मी त्यांना गिला वडा खाऊ घातला. दह्याचटणीत भिजलेला तो वडा त्यांनी चमच्यानं कापून, आत काय आहे ते पाहून मग खाल्ला. त्यांची पुराव्याकडं पाहायची पद्धतही तीच आहे हे मला नंतर कळलं.

खाता खाता त्यांनी मला काम समजावलं. वीसेक वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या त्या देशात यादवी चालू असताना एका शाळेत आसऱ्याला आलेली माणसं मारली गेली. मारणारे एका कर्नलच्या हाताखालचे होते. तो कर्नल पुढं युरोपात पळून आला, दुसऱ्या नावानं राहिला, मालवाहू गाडी चालवू लागला. त्याच्याच देशातल्या कुणीतरी त्याला पेट्रोल पंपावर ओळखलं. आता त्याच्यावर तिथं खटला आहे. त्याचं म्हणणं, “माझ्या माणसांनी केलं असेल, पण मी त्या भागात गेलोच नव्हतो. मला काही माहीत नव्हतं.”

हे मी पुस्तकात वाचलं होतं. काही गुन्हे इतके भयंकर मानले जातात की ते कुठंही घडले तरी, करणारा जिथं सापडेल तिथं त्याच्यावर खटला चालवता येतो. आणि हाताखालची माणसं काय करणार आहेत हे ठाऊक असून ज्यानं त्यांना अडवलं नाही, तो वरचा माणूसही गुन्हेगार असतो. परीक्षेत यावर मी चांगलं उत्तर लिहिलं होतं. ते उत्तर कुणा माणसाबद्दल आहे असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

“कर्नल तिथं होता, हे सांगू शकणारे दोघे मला सापडले आहेत,” मारेन म्हणाल्या. “तो हवालदार आणि त्याचा एक जोडीदार, दोघेही तुमच्या देशाच्या सैन्यातले. शांतिसेनेत होते, त्या शाळेला पाण्याचा टँकर नेत. दोघांच्या जबाबासाठी परवानगी मिळवली आहे.”

मग त्यांनी नियम सांगितले. साक्षीदार जे बोलेल ते सगळं सांगायचं, आपल्याजवळ काही ठेवायचं नाही. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं, ‘ते म्हणतात की’ असं नाही. आणि हे काम संपेपर्यंत याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. कर्नलची माणसं अजून बाहेर आहेत, म्हणून साक्षीदारांची नावं गुप्त आहेत.

परतवाडा

भाड्याची गाडी रफिकभाईंची होती. ते मूळचे परतवाड्याचेच, आणि कामाबद्दल बोलायचं नाही हा नियम त्यांना लागू नव्हता. वलगाव मागं पडलं तेव्हा त्यांनी आरशातून विचारलं, “वकीलसाहेब, म्याडमले एक विचारा. खून झाला एका देशात, आरोपी सापडला दुसऱ्या देशात. असं कधी रायते का? मंग हद्द कोनाची?”

मी अजून वकील नाही हे सांगून मी प्रश्न पुढं केला. मारेन म्हणाल्या, “सगळ्यांची.”

“सगळ्यायची?” रफिकभाई हसले. “इथं मायी मोटरसायकल चोरीले गेली. एक ठानं म्हने पुलाच्या अलीकडं आमचं, दुसरं म्हने पलीकडं आमचं. अन् गाडी तं पुलावरूनच गेली होती ना भाऊ!”

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. मारेन इतक्या हसल्या की गरम पाणी सांडलं. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, “मग मिळाली का?”

“कायची मिळते,” रफिकभाई म्हणाले.

मेळघाटात जाणाऱ्या जीप जिथं भरतात, तिथून जवळच पहिल्या साक्षीदाराचं टायरचं दुकान होतं. त्यांना किसनराव म्हणू. टँकरवर ते हवालदारांच्या शेजारी बसत. त्यांनी टायर सरकवून बसायला जागा केली, चहा मागवला, आलुबोंडे मागवले, मेळघाटात वाघ दिसेल का त्याची माहिती दिली. शाळेचा विषय काढला तेव्हा म्हणाले, “मले काई आठवत नाई, म्याडम. लय वर्सं झाली.”

मारेननी दोन-तीन प्रकारे विचारलं. तेच उत्तर. त्या गाडीकडं निघाल्या तेव्हा किसनरावांनी माझी बाही धरली.

“आठवते रे बाप्पा. सगळं आठवते. पन पोरगा भरतीच्या तयारीत हाये. कोर्टाचं नाव निघालं का लोक काय काय जोडतात. तिले सांगू नोको.”

मी गाडीत बसलो. अंजनगाव कधी आलं आणि गेलं ते आठवत नाही. अकोटच्या आधी मी मारेनना सांगून टाकलं. दुभाष्यानं आपल्याजवळ काही ठेवायचं नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. तरी सांगताना कुणाची तरी चुगली केल्यासारखं वाटलं.

“हे मी वापरू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला बोलायचं नाही त्याला मी ओढून नेत नाही. आता एकच उरला.”

अकोला

हॉटेलच्या खोलीत एकटं राहायची माझी पहिलीच वेळ. खोलीतला एकही दिवा लागेना. तक्रार करायचा धीर झाला नाही, म्हणून मोबाईलच्या उजेडात आंघोळ केली. जेवायला खाली गेलो तेव्हा कळलं की किल्ली म्हणून दिलेलं कार्ड दाराशेजारच्या खाचेत घालून ठेवायचं असतं. हे मी मारेनना सांगितलं. त्यांनी त्यांच्या पहिल्या नोकरीतली अशीच एक गोष्ट सांगितली. माझी लाज थोडी कमी झाली.

पातूरच्या पुढं

हवालदारांचं गाव पातूर सोडल्यावर आत वळून आहे. तुरी कापून झाल्या होत्या, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. घर पक्कं, समोर मोठं अंगण, एका बाजूला गोठा आणि कुटाराचा, म्हणजे गुरांच्या सुक्या भुशाचा ढीग. हवालदार अंगणात इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांच्यामागं अर्धं गाव.

“बसा,” ते म्हणाले. “इचारा.”

मारेन माझ्याकडं पाहू लागल्या. एकांत हवा, असं मी सांगितलं.

“काहून?” हवालदारांनी विचारलं. “खोटं सांगाचं हाये का? आमच्या इथं भांडन मिटवाचं असलं तं पारावर बसतात, सगळ्यायसमोर बोलतात. आत कोंडून घेऊन जो बोलते त्याच्यावर कोन इसवास ठेवते?”

हे मी भाषांतर करून सांगितलं. मारेन म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे, पण नियम वेगळा आहे. शेवटी हवालदारांनीच सगळ्यांना हाकललं. तरी खिडकीच्या गजांना कुणी ना कुणी येऊन लागायचंच. हवालदारांचा पुतण्या पंकज तर चहाचे कप नेण्याच्या निमित्तानं येऊन मोबाईलवर फोटो काढून गेला. त्याचं पातूरला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिशीतला, डोक्यावर गॉगल, सगळ्यांना ‘नमस्ते सर’ म्हणणारा.

दुसरी अडचण जेवणाची. कमलकाकूंनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नीनं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला लावले होते. मारेनना साक्षीदाराकडून चहापलीकडं काही घ्यायची परवानगी नव्हती. त्यांनी पिशवीतून पाव काढला. काकूंनी तो पाहिला आणि त्या आत निघून गेल्या. जेवायची वेळ टळली. हवालदारांचं लक्ष उडालं. तेच उत्तर ते तीनदा देऊ लागले.

“काय झालं?” मारेननी मला विचारलं.

“पाहुणे जेवले नाहीत, म्हणून घरात कुणीच जेवलेलं नाही,” मी सांगितलं. “ते उपाशी आहेत.”

त्यांनी डोळे मिटले, वही बंद केली आणि म्हणाल्या, “मी लिहून कळवीन की एक जेवण घेतलं.”

रोडगा कुस्करून त्यावर तूप, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मारेनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या थांबत नव्हत्या. काकूंनी मला वाढताना विचारलं, “गाव कोनतं तुमचं?” मी सांगितलं. “आडनाव?” ते सांगताना नेहमी जो एक क्षण थांबायला होतं तो तेव्हाही थांबलो. आडनावावरून आम्ही बौद्ध हे कळतं. काकूंचा हात तुपाच्या वाटीवर जरासा थबकला असं मला वाटलं. कदाचित तूप गोठलं असेल. मग त्यांनी दुसरा रोडगा ताटात ठेवला. “खाय. तुले तं दोघायचं बोला लागते.”

त्या दुपारी हवालदार सलग बोलले, आणि मी ‘मी’ म्हणत गेलो.

मी टँकर चालवतो. रोज सकाळी शाळेत पाणी नेतो. किसन माझ्या शेजारी असतो. शाळेच्या अलीकडं चौफुली आहे, तिथं एक बाई पिवळी कॅन घेऊन उभी राहते. तिला दिवस गेलेले आहेत, शाळेपर्यंतच्या रांगेत तिला उभं राहवत नाही, म्हणून मी तिची कॅन तिथंच भरून देतो. त्या दिवशी चौफुलीवर मागून जीप आली. कर्नल खाली उतरला. त्यानं घड्याळ काढून त्याच्या शिपायाच्या हातात दिलं आणि माझ्या नळाखाली हात-तोंड धुतलं. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, उद्या पाणी आणू नको. उद्या गरज नाही.

“तुम्हाला काय वाटलं?” मारेननी विचारलं.

मला वाटलं, लोकांना घरी जाऊ देणार असतील. मला बरं वाटलं. कॅम्पात मी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी आम्हाला कॅम्पाबाहेर सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर शाळा जळलेली होती. मी पिवळी कॅन शोधली. सापडली नाही.

हवालदार थांबले. मीही थांबलो. वऱ्हाडीत ते जितक्या साधेपणानं म्हणाले होते तितक्या साधेपणानं मला ते इंग्रजीत सांगता आलं नसावं. मारेन लिहीत होत्या. बाहेर पंकज कुणाला तरी सांगत होता, “आपला काका डायरेक्ट फॉरेनच्या कोर्टात!”

फाटा

दुसऱ्या दिवशी जबाब वाचून दाखवून सही घ्यायची होती. गावच्या फाट्यावर रफिकभाईंनी गाडी एकदम हळू केली.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “वर पाहा.”

फाट्यावरच्या खांबाला मोठा फ्लेक्स लावला होता. मध्ये तरुणपणीचे हवालदार, निळी टोपी घालून पांढऱ्या टँकरला टेकून उभे. घरातल्या जुन्या फोटोवरून केलेला. एका कोपऱ्यात आदल्या दिवशी चहा पिणाऱ्या मारेन. खाली गॉगलवाला पंकज आणि इतर शुभेच्छुकांचे गोल फोटो. वर मोठ्या अक्षरांत: ‘आमच्या गावाची शान! आंतरराष्ट्रीय कोर्टात साक्ष देण्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

मारेननी मला तो शब्दन् शब्द वाचून दाखवायला लावला. “हे इंटरनेटवर आहे का?” त्यांनी विचारलं.

रफिकभाईंनी फोन काढला. त्यांच्याही एका ग्रुपवर तो फोटो आला होता.

मारेन खाली उतरून रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत राहिल्या. कापसाच्या गाडीवाल्यानं त्यांना फ्लेक्सशी ताडून पाहिलं आणि नमस्कार केला.

घरी हवालदारांना काही वावगं झालंय असं वाटतच नव्हतं. “पंक्यानं इचारलं, मी हो म्हनलं. लग्नाचा लागते, वाढदिवसाचा लागते. साक्षीचा काहून नाई?”

“आमच्या जिवावर उठतील का कोनी?” काकूंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती.

“इथं?” हवालदार म्हणाले. “इथं यष्टी वेळेवर येत नाई, कर्नल कुठून येते.”

मारेन हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं आणि मी ते सांगत गेलो. धोका तर आहेच. पण दुसरी गोष्ट अशी की हा फोटो मला दोन्ही बाजूंना द्यावा लागेल, लपवता येणार नाही. कर्नलचा वकील म्हणेल, हा माणूस नावासाठी बोलतो आहे, गावात मिरवतो आहे. न्यायाधीश तुमच्या शब्दाला कमी किंमत देतील. कदाचित अजिबात देणार नाहीत. आणि दुसरा साक्षीदार माझ्याकडं नाही.

हवालदार खाटेवर बसले. पंकज दारात उभा होता. त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला.

“काका, मी तं तुमचं चांगलं व्हावं म्हनून...”

“उतरव,” हवालदार एवढंच म्हणाले.

तो फ्लेक्स हवालदारांनीच दुपारी कुटाराच्या ढिगावर उलटा टाकून दगडांनी दाबला. आमच्याकडं जुन्या फ्लेक्सचं शेवटी तेच होतं.

लेणी

वरून सूचना येईपर्यंत सही थांबवली होती. तो दिवस रिकामा गेला, म्हणून आम्ही पातूरची लेणी पाहायला गेलो. खडकात कोरलेले खांब, आत गारवा, वटवाघळांचा वास. मारेन खांबाला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं साक्षीदार बोलतात का?

मी त्यांना मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. शेताच्या वाटेवरून वाद झाला, त्यांना भर चौकात मारलं, हात कायमचा अधू झाला. पाहणारे पुष्कळ होते. कोर्टात एकेकानं सांगितलं, मी तेव्हा तिथं नव्हतो. त्यातले काही आमच्याशी रोज बोलतात. घरी तो विषय निघत नाही.

“म्हणून तुम्ही कायदा शिकता?” त्यांनी विचारलं.

खरं उत्तर असं की शिष्यवृत्ती मिळत होती म्हणून. तेच मी सांगितलं. पण तिथून उतरताना मला हवालदारांचा फ्लेक्स आठवत होता. आमच्या चौकात कुणी स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत लावून ‘मी पाहिलं’ म्हटलं असतं तर, असं मनात आलं. मारेनना मी हे बोललो नाही. सगळं सांगून टाकायला तिथं मी दुभाषी नव्हतो.

सूचना आली: साक्षीदाराला विचारा, माघार घ्यायची का.

हवालदारांनी पूर्ण ऐकलं. मग मला म्हणाले, “म्याडमले सांग, मी नावासाठी नाई करून राहिलो हे मले सिद्ध करता येत नाई. पन तो तिथं होता. मी मरेपर्यंत हेच सांगीन, तो तिथं होता. गुप्त नोको, काई नोको. माहं नाव लावा अन् सही घ्या.”

फ्लेक्समध्ये वापरलेला मूळ फोटो मारेननी मागून घेतला आणि कागदांना जोडला. जाताना काकूंनी त्यांच्या हातात रोडग्यांचं फडकं ठेवलं. त्यांनी ते घेतलं. या दुसऱ्या जेवणाचं त्यांनी कळवलं की नाही, मला माहीत नाही.

परत आल्यावर

साक्षीच्या वेळी मी नव्हतो. अकोल्यातल्या एका सरकारी खोलीत पडद्यासमोर हवालदारांना बसवलं होतं, तिकडचा दुभाषी वेगळा होता. अपेक्षेप्रमाणे फ्लेक्स निघाला. कर्नलच्या वकिलानं विचारलं, तुम्ही निवड झाली म्हणून मिरवलंत ना?

“मी म्हनलं, गाव मिरवलं. मी टँकरजवळ उभा होतो,” हवालदारांनी मला फोनवर सांगितलं. “बरोबर बोललो का?”

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

मग पुष्कळ दिवस काही कळलं नाही. किसनरावांचा मुलगा भरतीत लागला, हे रफिकभाईंकडून समजलं. माझी परीक्षा झाली. हवालदार अधूनमधून फोन करायचे, पाऊसपाणी विचारायचे, आणि ठेवताना म्हणायचे, “तिकडून काई?” मी नाही म्हणायचो.

निकालाचा मेल आला तेव्हा मी वाचनालयात होतो. कर्नल दोषी. अपील होईल, पण दोषी. पुढं मारेननी लिहिलं होतं की आता सगळं जाहीर झालं आहे म्हणून सांगते. फ्लेक्स आणि त्याचा मूळ फोटो दोन्ही बाजूंना दिला, तसा तो पीडितांच्या वकिलाकडंही गेला. त्यानं तो त्याच्या अशिलांना दाखवला. त्यांत दुसऱ्या देशात राहणारी एक बाई होती. ती पहिल्यापासून म्हणत होती की चौफुलीवर कर्नलची जीप तिनं पाहिली, पण तिला दुजोरा देणारं कुणी नव्हतं आणि पाण्याच्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. फोटो पाहून ती म्हणाली, हाच. हाच माझी कॅन भरून द्यायचा. जीप याच्या मागं थांबली होती. दोघांनी एकमेकांना न भेटता घड्याळ काढून दिल्याचंही सारखंच सांगितलं. निकालात न्यायाधीशांनी तेच धरलं. त्या रात्री ती शाळेत झोपायला गेली नव्हती. पोटात दुखत होतं म्हणून तिला कुणीतरी पलीकडच्या वस्तीत नेलं होतं.

मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन हवालदारांना फोन लावला. दोषी ठरला म्हणालो, तेव्हा ते “बरं” म्हणाले. मग बाईचं सांगितलं. पलीकडून गाईच्या गळ्यातली घंटी तेवढी ऐकू येत होती.

“पिवळ्या कॅनवाली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् लेकरू?”

ते मेलमध्ये नव्हतं. मी मारेनना विचारलं. त्यांनी लिहिलं, त्या बाईला विचारून, तिची हरकत नसेल तर सांगते. त्यानंतरच्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर आलं. मी पुन्हा फोन लावला. या वेळी भाषांतर असं काही नव्हतं. बातमी आमच्याकडं जशी देतात तशीच दिली.

“हवालदारसाहेब, पोरगी झाली.”

मग फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी घरात हाक मारल्याचं मला ऐकू आलं.

“अवं, आयकलं का? पोरगी झाली!”

आणि आतून कमलकाकूंचा आवाज, “कोनाले?”